कदम मॅडम आणि एकोप्याचा तास

कदम मॅडमना सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी त्या क्षणभर थांबत. समोरच्याला आज आपल्याकडून काय हवंय याचा अंदाज घेत आणि मगच मान हलवत. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात त्या रेक्टर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली साहाय्यक. काही वर्षं आम्ही एका जिन्याच्या वरखाली राहिलो. एवढ्या काळात मी त्यांच्या संशयातून पूर्ण सुटले, असं मला एकदाही वाटलं नाही.

मी सांगलीकडची. वनस्पतिशास्त्र शिकवायला इथे आले आणि वसतिगृहाचं काम मागून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"वर्गात शिकवता ना? मग ही डोकेदुखी कशाला मागितलीत?"

"मुलींमध्ये राहायला आवडतं मला."

त्या बघत राहिल्या. त्या बघण्यापुढे माझं वाक्य फार टिकलं नाही.

"राहायला खोली मिळते म्हणून," मी म्हटलं.

"हे खरं वाटतंय," असं म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

बुटकी, काटक बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. चालताना चपलेचा आवाज होत नसे, त्यामुळे मुलींचं अर्धं बोलणं त्यांना आपोआप ऐकू येई. दूध आलं की त्या पातेल्यावर वाकून वास घेत. विजेचं बिल जास्त आलं तर त्या चिडत आणि कमी आलं तर अस्वस्थ होत. "कमी कसं आलं? मीटर बघायला सांगा." एखादा मजला फारच शांत असला की त्या जिना चढू लागत.

त्यांचा एक शब्द होता : कशावरून? तो सगळ्यांना लागू होता.

"मॅडम, माझा ताप गेला."

"कशावरून?"

"अहो, मलाच आला होता ना!"

मुली त्यांची नक्कल करत. एकीला तर हुबेहूब जमायची. नक्कल रंगात आली असताना मॅडम दारात उभ्या आहेत हे तिला उशिरा कळलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मान मी एवढी वाकडी करत नाही." आणि निघून गेल्या.

या संशयाचा उपयोग व्हायचा. एकदा एका मुलीला न्यायला तिचा मामा आला. गोड बोलणारा, हातात मिठाईचा पुडा. मॅडमनी त्याला चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मध्येच विचारलं, "मुलीच्या आजीचं नाव काय हो? म्हणजे तुमच्या आईचं." मामाला आपल्या आईचं नाव आठवेना. तो अर्धा चहा टाकून गेला. मुलगी वर खोलीत रडत बसली होती. मॅडम तिच्यावर ओरडल्या नाहीत, तिच्या घरी मात्र स्वतः फोन केला.

पण तो संशय चुकायचाही. लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काम करणारे एक गृहस्थ पाळी संपवून तसेच मुलीला भेटायला आले. अंगाला कसलातरी उग्र वास, डोळे लाल. मॅडमना वाटलं, प्यायलेत. त्यांनी त्यांना गेटबाहेर उन्हात ताटकळत ठेवलं. मुलगी धावत आली आणि "बाबा" म्हणून तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला. माफी त्यांनी मागितली नाही. त्या गृहस्थांना मेसमध्ये नेऊन बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. ते जेवेपर्यंत त्या बाजूला उभ्या होत्या. त्यांना अवघडून घास गिळवत नव्हता, पण मॅडम काही हलल्या नाहीत.

स्वतःबद्दल त्या काहीच बोलत नसत. गाव लांज्याकडे आहे, आईवडील गेले, लग्न केलं नाही, एवढंच ठाऊक. त्यांच्या खोलीत देवाची तसबीर नव्हती की कुणाचा फोटो नव्हता. देवधर्म करत नसतील, असं आम्ही धरून चाललो होतो. आडनाव कदम. त्यावरून ज्याला जे समजायचं ते तो समजे.

एका वर्षी पावसाळ्यात, प्रवेश होऊन जेमतेम पंधरवडा झाला असेल, पावस गावचे सुर्वे म्हणून बागायतदार ऑफिसात आले. त्यांची ऋतुजा पहिल्या वर्षाला होती. सोबत गड्याच्या डोक्यावर शहाळ्यांचं पोतं.

"हे कशाबद्दल?" मॅडमनी विचारलं.

"कशाबद्दल काय ओ, घरच्या बागेतली हायत. पोरी पितील." ते खुर्चीवर बसले, रुमालानं मान पुसली. "म्हंजे कसा, मॅडम, माझा काय म्हणना नाय, पण ऋतुजाला खोली बदलून द्या. तिला वास सहन होत नाय."

"कसला वास?"

"मच्छीचा. ती दुसरी मुलगी हाय ना, पवार, ती सुकट बिकट आणते डब्यातून."

"तुम्ही शाकाहारी?"

"आमी? छे."

"काल काय होतं घरी?"

"काल..." सुर्वे हसले. "काल बांगडे होते."

"मग वास कसला?"

सुर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, तुमी आपल्यातल्याच, म्हणून मोकळेपणानं बोलतो. त्या मुलीच्या कपाटात बुद्धाचा फोटो हाय. मी काय तसा मानत नाय. पण घरात म्हातारी माणसं हायत..."

"कशावरून?"

"अं? फोटो मी सोता बघितला."

"ते नाही. मी तुमच्यातली, हे कशावरून?"

सुर्वे गोंधळले. "कदम ना तुमी?"

"कदम."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. सुर्वे एकदा त्यांच्याकडे, एकदा पाठीमागच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते.

"खोली बदलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि शहाळी घेऊन जा."

ते गेल्यावर जिना चढता चढता त्या मला म्हणाल्या, "बघितलंत? आडनावाच्या भरवशावर माणूस किती बोलून जातो. मी आधीच सांगितलं असतं, तर हा वासावरच थांबला असता."

त्या बौद्ध आहेत हे मला त्या जिन्यावर, असं आडून कळलं. आपलं आडनाव त्यांनी दारामागे उभं राहण्यासारखं वापरलं होतं, पलीकडे काय बोलणं चाललंय ते ऐकायला. पण माणूस दारामागे ऐकायला उभा आहे की लपायला, हे बाहेरून कसं कळणार?

त्याच वर्षी संस्थेनं नवा नियम केला. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीनं शनिवारी 'एकोप्याचा तास' करायचा. जात, धर्म, भाषा, प्रदेश यांवर मोकळी चर्चा. बाहेरून प्रशिक्षक येणार. सक्तीचं. जी गैरहजर राहील तिला पुढच्या वर्षी खोली नाही.

स्टाफरूममध्ये दोन तट पडले. उपप्राचार्य बाजूनं होते. "गणित सक्तीचं नसतं का? मग माणुसकी का नको?"

"गणितात कुणाला आपलं घर फळ्यावर मांडावं लागत नाही," कदम मॅडम म्हणाल्या.

विरोधकांना आनंद झाला. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तेच तर! मुली गुण्यागोविंदानं राहतायत. उगाच जात कशाला उकरून काढायची?"

"गुण्यागोविंदानं राहतायत, कशावरून?" मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

झालं. त्या नक्की कुणाच्या, हे कुणालाच कळेना. नियमाच्या बाजूच्यांना वाटे त्या आतून विरोधकांना सामील आहेत, विरोधकांना वाटे त्या वरिष्ठांच्या कानाला लागल्यात. त्या आल्या की दोन्हीकडच्या गप्पा थांबत. मॅडमना याचं दुःख होत होतं असं मला दिसलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईवर आता सगळ्यांची नजर होती, एवढंच.

प्रशिक्षक पुण्याहून आला. अनिकेत नाव. तिशीचा, खादीचा कुर्ता, बोलणं मऊ. मॅडमनी त्याला आधीच गाठलं.

"काय काय करून घेणार तुम्ही?"

"सगळं आधी सांगितलं तर परिणाम होत नाही, मॅडम."

"परिणाम कुणावर करायचाय?"

तो हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतायत.

पहिले दोन शनिवार बरे गेले. गाणी, खेळ, एकमेकींच्या घरच्या सणांच्या गोष्टी, शेवटी बटाटावडा. मॅडम मेसच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि वडा खात नसत.

तिसऱ्या शनिवारी अनिकेतनं टेबलं बाजूला सारायला लावली. सगळ्या मुली मागच्या भिंतीला लागून एका रांगेत उभ्या केल्या. "मी एकेक वाक्य म्हणेन. ज्यांच्याबाबतीत ते खरं असेल त्यांनी एक पाऊल पुढे यायचं. बोलायचं नाही."

ज्यांच्या आजीला लिहितावाचता येतं. पुढे. ज्यांच्या घरी स्वतःची जमीन आहे. पुढे. ज्यांना मुंबईत भाड्यानं घर घेताना कुणी आडनाव विचारून नकार दिला नाही. पुढे. ज्यांच्या घरच्यांना गावच्या देवळात गाभाऱ्यापर्यंत जाताना कधी कुणी अडवलं नाही. पुढे.

सुरुवातीला मुली खिदळत होत्या. हळूहळू हसू थांबलं. ऋतुजा सुर्वे जेवण वाढायच्या ओट्यापर्यंत पोचली होती. बाकीच्या अध्येमध्ये पसरल्या होत्या. भिंतीला पाठ लावून एकटी प्राची पवार उरली होती, ऋतुजाच्या खोलीतली. उंच, सावळी, कमी बोलणारी मुलगी. वडील मुंबईला नोकरीला, आई गावी.

"आता सगळ्यांनी मागे वळून बघा," अनिकेत म्हणाला.

सगळ्या वळल्या.

"प्राची, तुला आत्ता काय वाटतंय?"

कदम मॅडम उठल्या.

"पुरे."

"मॅडम, हा महत्त्वाचा क्षण आहे..."

"कुणासाठी महत्त्वाचा? तुम्ही संध्याकाळी पुण्याला जाल. ह्या मुली इथेच राहणार आहेत. एका खोलीत, एका बाथरूमपुढे रांगेत. तिचं काय ते तिनं सांगायचं, सांगायचं तेव्हा. तुम्ही तिला भिंतीला उभं करून सांगायला लावताय."

अनिकेतचा चेहरा पडला, पण तो मागे हटला नाही. "लपवून ठेवल्यानं ते नाहीसं होत नाही, मॅडम. आज ह्या मुलींना पहिल्यांदा ते अंतर डोळ्यांनी दिसलंय."

"अंतर त्यांना दिसलं. आणि तिला? तिला ते आज कळलं, असं वाटतं तुम्हाला?"

मला वाटलं, इथे हे संपलं. मॅडम प्राचीकडे गेल्या, तिच्या खांद्याला हात लावायला. मुलींना हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. प्राची बाजूला सरकली.

"तुम्ही कशाला थांबवलंत?" ती म्हणाली. "मला विचारलंत? माझ्या कपाटात फोटो आहे. ऋतुजा रोज बघते. मी काय लपवलंय?" मग ती मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "लपवता तुम्ही, मॅडम. मी नाही."

तिला कसं ठाऊक होतं? लांज्याकडचीच ती. गावाकडच्यांना गावाकडचं सगळं ठाऊक असतं.

मॅडमचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो पदराकडे नेला, पदर नीट केला आणि त्या बाहेर गेल्या. अनिकेतनं खेळ थांबवला. त्या दिवशी वडे उरले.

दुपारच्या चहाला प्राचीच्या समोर बसलेल्या एका मुलीनं आपला कप उचलला आणि ती पलीकडच्या टेबलावर गेली. ते टेबल पंख्याखाली होतं. उकडत तर होतंच. मी अजूनही त्या मुलीबद्दल काही ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला आपल्या खोलीत चहाला बोलावलं. हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी बराच वेळ चहात साखर ढवळली.

"ती म्हणाली ते तुम्ही ऐकलंत?"

"हो."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि चहा न पिताच कप खाली ठेवला. कोणत्या अर्थानं बरं झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या प्राचीसाठी उठल्या होत्या की पुढचा प्रश्न आपल्यापर्यंत पोचेल म्हणून, हेही मला कधी कळलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसावं आणि त्या सकाळी त्या स्वतःवरच पाळत ठेवून बसल्या असाव्यात.

पालकांच्या व्हॉट्सअॅपवर गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात प्राचार्यांच्या दालनात बैठक झाली. सुर्वे पुढे होते. एकोप्याचा तास कायमचा बंद करा, ही मागणी. अनिकेतही आला होता, कोपऱ्यात गप्प. सुर्व्यांनी कदम मॅडमना पाहून हात जोडले.

"ह्यांचे उपकार हायत. भर सभेत थांबवला ह्यांनी. मॅडम, तुमीच सांगा सायबांना."

मॅडम उभ्या राहिल्या. "माझ्या विरोधाला तुमचा विरोध जोडू नका, सुर्वेसाहेब. मी थांबवलं ते एका मुलीला उघड्यावर उभं केलं म्हणून. तुम्हाला काय बंद करायचंय? तास, की मुलींचं एकत्र राहणं?"

"छे छे, एकत्र राहायला आमचा कुठे..."

"तुम्ही खोली बदलून मागायला आला होतात. मला आपल्यातली समजून कारणही सांगितलंत." त्या थांबल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "मी बौद्ध आहे. माझ्या आजोबांनी धर्म बदलला. ह्या संस्थेत मी आयुष्य काढलं आणि हे मी आज पहिल्यांदा सांगतेय. कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारू नये याची काळजी मी घेतली. एका मुलीनं मला ते तोंडावर सांगितलं. तिचं बरोबर होतं."

कुणी कुणाकडे बघेना. उपप्राचार्य खिडकीतून समुद्र शोधत असल्यासारखे बाहेर पाहत राहिले.

"आता काय करायचं ते सांगते," मॅडम म्हणाल्या. "तास राहू दे. ज्यांना यायचंय त्या येतील. पण खोलीचा आणि हजेरीचा संबंध तोडा. बोलायची सक्ती करू नका. सक्तीनं बोललेलं खोटं असतं. सक्ती करायची तर राहण्याची करा. खोल्या चिठ्ठ्या टाकून द्या, आणि वर्षभर कुणालाही, कुठल्याही कारणासाठी बदलून देऊ नका. वास असला तरी."

अनिकेत कोपऱ्यातून म्हणाला, "मॅडम, नुसतं एकत्र राहून माणसं बदलत नाहीत."

"नसतील बदलत," त्या म्हणाल्या. "पण निदान एकमेकींच्या डोळ्यांसमोर तरी असतील."

ठराव झाला. माझ्या मते तो झाला कारण दोन्ही बाजूंना वाटलं, दुसरी बाजू हरली.

सुर्व्यांनी दसऱ्याआधीच ऋतुजाला काढून रत्नागिरीतच एका घरी खोली घेऊन दिली. सामान न्यायला ते स्वतः वर आले नाहीत, गाडीत बसून राहिले. ऋतुजा गादी गुंडाळत रडत होती आणि प्राची तिला दोरी बांधू लागत होती. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना ते थांबवता आलं नाही. नियम वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी होता. सोडून जाणाऱ्याला कोण अडवणार? नंतर ऋतुजा संध्याकाळी गेटवर यायची. दोघी कट्ट्यावर बसायच्या. मॅडम वरच्या खिडकीतून बघत. त्यांना दोघींच्या मैत्रीचाही संशय येत असावा, किंवा ती टिकेल की नाही याचा.

एकोप्याच्या तासाला आता मूठभर मुली येत. त्यात प्राची असे. अशा पहिल्याच शनिवारी कदम मॅडम आल्या आणि कोपऱ्यातली खुर्ची सोडून मुलींमध्ये सतरंजीवर बसल्या. त्या ऐकायला आल्यात की लक्ष ठेवायला, अशी मुलींत कुजबुज झाली. अनिकेतनं त्यांना काही विचारलं नाही, आणि त्या काही बोलल्या नाहीत. प्राची त्यांच्याशी शेवटपर्यंत अंतर राखून वागली. भेटली की 'नमस्कार मॅडम' म्हणे, तेवढंच. मॅडमही तेवढंच घेत.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. "हार घालणाऱ्यांत कुणाला मी जातेय याचा आनंद आहे, ते मला ओळखता येईल. कशाला?" तरीही मुलींनी जिन्यावर गर्दी केली. त्या खाली मान घालून उतरल्या आणि रिक्षात बसल्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी एसटी स्टँडवर सांगलीची गाडी लागायची वाट बघत होते. शेजारच्या फलाटावर लांज्याची गाडी भरत होती आणि कदम मॅडम आत चढत होत्या. हाक मारणार होते, तेवढ्यात त्या एका मध्यमवयीन बाईच्या शेजारी, पिशवी ठेवलेल्या जागेशी थांबल्या. बाईनं वर पाहिलं. कोकणात अनोळखी माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग वाडी. वाडीवरून बाकीचं कळतं.

"खयच्या तुमी?" बाईनं विचारलं. खिडकी उघडी होती, मला स्पष्ट ऐकू आलं. मॅडमनी गावाचं नाव सांगितलं.

"वो का? आमचा माहेर तिकडंच. कुठल्या वाडीतल्या?"

"बौद्धवाडीतली," मॅडम म्हणाल्या. आवाज जरा मोठाच होता. पुढच्या सीटवरच्या माणसानंही मान वळवली.

बाईनं शेजारच्या जागेवरची आपली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. मॅडम बसल्या. बसल्यावरही त्या समोर बघत नव्हत्या, त्या बाईचा चेहरा बघत होत्या, टक लावून, एखादं दूध नासलंय की काय ते बघावं तसं. बाई काहीतरी बोलली. मॅडमनी उत्तर दिलं की नाही ते कळलं नाही, कारण कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी मागे सरकू लागली.